मोसंबीच्या मापाचा ट्रॅक्टर

22 सप्टेंबर 2025 ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. पाच-सहा लाखांच्या छोट्या ट्रॅक्टरमागे तीस-चाळीस हजारांचा फरक पडला. दसऱ्याला नवी चावी हातात घ्यायची रीत मराठवाड्यात जुनीच, त्या वर्षी तिला आणखी एक कारण मिळालं. पण तो आठवडा पावसाने झोडपणारा निघाला. सप्टेंबर सरता सरता जायकवाडीतून गोदावरीत सोडलेला विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला, पैठणच्या सखल वस्त्यांमधल्या लोकांना हलवावं लागलं, आणि तालुक्यातल्या मोसंबीच्या बागांमध्ये पाणी साचून राहिलं.

पैठण तालुक्यातल्या एका बागायतदाराने याच दिवसांत दोन ट्रॅक्टर स्वतःच्या बागेत उतरवून पाहिले. शेजारपाजारच्यांना ते चमत्कारिक वाटलं. ट्रॅक्टर बघायचा तो शोरूममध्ये, नाहीतर डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात. पाऊल टाकलं की चप्पल चिखलात राहते अशा रानात कोणी डेमो मागतं का? बागायतदाराचं म्हणणं नेमकं उलटं होतं. कोरड्या डांबरी आवारात सगळेच ट्रॅक्टर चांगले चालतात. बागेला यंत्राची सगळ्यात जास्त गरज पडते ती भादव्या-आश्विनातल्या ओल्या दिवसांत, तर तपासायचंही त्याच दिवसांत.

हे गृहस्थ मूळचे फिटर. बजाजचा कारखाना 1985 मध्ये वाळूजला सुरू झाला, त्याच्यामागोमाग सुटे भाग करणारे छोटे-मोठे कारखाने आले आणि पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडच्या कितीतरी घरांत एकजण शिफ्टला आणि बाकीचे रानात अशी वाटणी झाली. त्यांच्याही घरात तसंच झालं. वाळूजच्या एमआयडीसीत मेंटेनन्स खात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. बिघडलेल्या मशीनसमोर उभं राहून आधी ऐकायचं, मग हात लावायचा, ही सवय तिथे लागली. शेत मात्र खऱ्या अर्थाने त्यांच्या पत्नीने सांभाळलं. बाग कधी ताणावर सोडायची, कोणत्या ओळीतलं ठिबक तुंबलंय, व्यापारी उक्ता सौदा करायला आला तर किती ताणून धरायचं, हे सगळं त्यांच्याकडे. ट्रॅक्टरच्या निवडीत शेवटचा शब्द त्यांचा का ठरला, याचं मूळ इथेच आहे.

बाग मोसंबीची, न्यूसेलर जातीची, रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेल्या कलमांची. जुनी बाग 2012-13 च्या दुष्काळात वाळली. त्या वर्षी जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यांतल्या बागायतदारांनी टँकरने पाणी घालून झाडं जगवायचा प्रयत्न केला होता, काहींची जगली, पुष्कळांची सरपणाला गेली. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा या पट्ट्यात नव्या लागवडी सुरू झाल्या होत्या. त्यांचीही तेव्हाचीच. अंतर नेहमीचं, 20 बाय 20 फूट. कागदावर हे अंतर ऐसपैस दिसतं. झाड भरात आलं की त्याचा घेर बारा-चौदा फुटांवर जातो, आणि दोन ओळींमध्ये उरते ती सहा-सात फुटांची वाट. फळांनी लदलेल्या फांद्या खाली झुकल्या की तीही अरुंद होते. वाटेच्या दोन्ही कडांना ठिबकच्या नळ्या. जमीन काळी, भारी, उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी होणारी.

अशा बागेत आतापर्यंत काम कसं चालायचं? आधी बैलजोडी आणि वखर. बैल झाडाला वळसा घालून जातात, फांदी दिसली की मान वळवतात, आणि त्यांच्या खुरांनी जमीन दाबली जाते ती टीचभर. बैल गेल्यावर भाड्याचा ट्रॅक्टर आला, 45-50 अश्वशक्तीचा, दोन टनांच्या आसपास वजनाचा. तो बागेत शिरला की फांद्या मोडायच्या, नळ्या चेपायच्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नांगराने मुळं तुटायची. मोसंबीची अन्न शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटातच असतात. ती तुटली किंवा खोडाला औजाराची जखम झाली की फायटोप्थोरा बुरशीला दार उघडं मिळतं. खोडातून डिंक ओघळायला लागतो, शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. तीन-चार वर्षांनी ते झाड जातं. तेव्हा कोणाला आठवत नाही की सुरुवात एका घाईच्या नांगरटीने झाली होती.

फवारणीची गोष्ट आणखी अवघड. एचटीपी पंप, टाकी बैलगाडीत किंवा ट्रॉलीत, आणि दोनशे-तीनशे फूट पाइप ओढणारे गडी. फवारा मारणारा माणूस संध्याकाळी औषधाने चिंब. एवढं करून झाडाच्या आतल्या भागात औषध पोचेलच असं नाही. शिवाय माणसं मिळायला हवीत, आणि त्या दिवसांत कापूस वेचणीला सगळा गाव गेलेला असतो.

यात वेळ महत्त्वाची का, हे समजून घ्यायला हवं. आंबे बहाराची फळं भादव्या-आश्विनात पक्व होत आलेली असतात. याच काळात पाणी साचलं, उघडीप मिळाली नाही, तर बुरशीमुळे फळगळ सुरू होते. रात्री रस शोषणारे पतंग येतात, त्यांनी भोक पाडलेलं फळ चार-आठ दिवसांत खाली. कॉपर ऑक्सिक्लोराईडची फवारणी हवी असते ती आत्ता, आणि रानाला वापसा यायला आठवडा लागणार असतो. म्हणजे ज्या दिवशी बागेत चाक घालू नये असं जमीन सांगते, त्याच दिवशी झाड औषध मागतं. पाचोडच्या मोसंबी बाजारात टनामागे मिळणारा भाव त्या आठवड्यावर टांगलेला असतो.

म्हणून हवं होतं ते हलकं, अरुंद, चारही चाकांनी ओढणारं, आणि मागे फवारणीचा ब्लोअर उचलून धरणारं यंत्र.

परदेशात या कामाला वेगळीच वाहनं आहेत. होंडाने 1970 मध्ये फुगीर टायरांची तीनचाकी गाडी आणली, सुझुकीने 1982 मध्ये चारचाकी. खेळासाठी निघालेल्या या गाड्या बघता बघता अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या शेतांवर रुळल्या, मेंढ्या वळायला, कुंपण तपासायला, चारा टाकायला. कावासाकीने 1988 मध्ये म्यूल आणि जॉन डिअरने 1992 मध्ये गेटर आणल्यावर शेजारी-शेजारी दोघं बसून मागच्या हौद्यात सामान नेता येऊ लागलं. त्याच वाहनांनी माणसंही पुष्कळ मारली. उतारावर उलटायची आणि चालवणारा खाली सापडायचा. अमेरिकेत 1988 मध्ये तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली, आणि ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर 2021 पासून प्रत्येक नव्या शेतकी क्वाड बाइकला चालकाचं रक्षण करणारी चौकट सक्तीची केली.

आपल्याकडे ती फुगीर चाकांची गाडी लोकांना माहीत आहे ती रिसॉर्टवरची, गोल मैदानात फेऱ्या मारून फोटो काढायची. शेतकऱ्याला तिचा उपयोग होत नाही याला कारण आहे. ती रस्त्यावर आणायला नोंदणीची अडचण, पेट्रोलचा खर्च, आणि मुख्य म्हणजे आपली सगळी औजारं ट्रॅक्टरच्या तीन बिंदूंवर आणि पीटीओवर, म्हणजे औजाराला इंजिनाची शक्ती देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारी. पोलॅरिस कंपनीला भारतात आपली स्पोर्ट्समन 570 चक्क ट्रॅक्टर म्हणून मान्य करून घ्यावी लागली, यातच सगळं आलं. त्याच कंपनीने आयशरबरोबर जयपूरजवळ कारखाना काढून 2015 मध्ये मल्टिक्स नावाचं डिझेल वाहन आणलं होतं. कुटुंब बसेल, माल वाहील आणि उभ्या उभ्या 3 किलोवॅटपर्यंत वीजही देईल असं. या बागायतदारांना ते फार आवडलं होतं. शेतात वीज नसताना त्यावर पंप चालेल, ही कल्पना फिटरच्या मनाला भावणारीच होती. घेतलं नाही ते एवढ्यासाठी की चिखलात ओढ देणारी चारचाकी शक्ती त्यात नव्हती. 2020 मध्ये ते उत्पादन बंद झालं. कल्पना चांगली होती, आणि शेतकऱ्याच्या घराचा एवढा विचार करून केलेलं वाहन टिकलं नाही याची हळहळ वाटते.

तेव्हा मराठवाड्याच्या बागेत ऑल टेरेन वाहन म्हणजे फोर व्हील ड्राइव्हचा छोटा ट्रॅक्टर. त्याचीही आता रांग लागली आहे. 15 अश्वशक्तीचा युवराज, स्वराजचा अगदी अरुंद कोड, 2023 मध्ये आलेली ओजा मालिका. पॉवर टिलरवर तर एक पिढी गेली, पण त्याच्यामागे दिवसभर चालणं चाळिशीनंतर जमत नाही. यादी कमी होत होत दोन नावांवर आली: महिंद्राचा जिवो 245 डीआय आणि कुबोटाचा निओस्टार बी 2441.

दोन्ही 24 अश्वशक्तीचे. दोन्हींना फोर व्हील ड्राइव्ह. लिफ्टची उचल दोन्हींची 750 किलो. किमतीत म्हणावा असा फरक नाही. माहितीपत्रक समोर ठेवलं तर निवडायचं काय, असा प्रश्न पडावा.

फिटरला तो पडला नाही. त्यांनी आधी बागेत जाऊन बांबूने वाट मोजली. सगळ्यात भरलेल्या दोन झाडांमध्ये, फळांसकट, फांद्या न उचलता. मग जमिनीपासून खालच्या फांदीची उंची. मग बांधाकडेला वळायला किती जागा मिळते ती, कारण ओळ संपल्यावर ट्रॅक्टर एका दमात वळला नाही तर पुढे-मागे करताना शेवटच्या झाडाची मुळं चाकाखाली रगडली जातात. ही तीन मापं चिठ्ठीवर लिहून ते शोरूमला गेले. विक्रेत्याने अश्वशक्ती सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, सायलेन्सर वर आहे की खाली? उलटल्यास वाचवणारी चौकट दुमडते का? बागेत उभी चौकट फांद्या मोडते, आणि कालव्याच्या बांधावर ती उभी नसेल तर माणूस मोडतो. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे. त्याच्या कडेने शेतात जाणारे ट्रॅक्टर रोज दिसतात आणि उलटल्याच्या बातम्याही येतात. दुमडणारी चौकट असेल तर ती रस्त्याला लागताना उभी करायची शिस्त घरात हवी, हे त्यांनी तिथेच पत्नीला सांगून ठेवलं.

दुसरी गोष्ट त्यांनी वाचली ती बुदनीचे चाचणी अहवाल. मध्य प्रदेशात बुदनीला 1955 पासून केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. देशात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरची तिथे तपासणी होते: पीटीओवर प्रत्यक्ष किती शक्ती मिळाली, ओढ किती, ताशी डिझेल किती, लिफ्टने खरोखर किती वजन उचललं. बॉनेटवर असते ती इंजिनाची शक्ती. ब्लोअरचा पंखा फिरतो पीटीओवर, आणि तिथे ती थोडी कमीच भरते. लिफ्टचंही तसंच. माहितीपत्रकातलं वजन बहुधा खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी धरलेलं असतं. ब्लोअरचं वजन त्याच्याही मागे लोंबतं. चारशे लिटर पाण्याची टाकी म्हणजे चारशे किलो, वर पंखा, पंप आणि लोखंडी सांगाडा. टोकाशी सातशे पन्नास उचलणारी लिफ्ट दोन फूट मागे तेवढं उचलत नाही. हा हिशेब करून त्यांनी मोठ्या टाकीचा विचार सोडला आणि तीनशे लिटरवर आले. ट्रॅक्टर घेताना सगळे ट्रॅक्टरचीच चौकशी करतात, मागे काय लागणार त्याची नाही, हे त्यांचं निरीक्षण प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

मग इंजिन. जिवोला दोन सिलिंडर, 1366 सीसी, ठरलेला वेग मिनिटाला 2300 फेऱ्या. निओस्टारला तीन सिलिंडर, 1123 सीसी, 2600 फेऱ्या. मोठ्या दोन सिलिंडरचं इंजिन कमी वेगात जोर लावतं, भरलेली ट्रॉली चढावर ओढताना त्याचा ठोका धीम्या पण पक्क्या लयीत पडतो. तीन छोट्या सिलिंडरचं इंजिन जास्त फिरतं, पण स्फोट जवळजवळ पडत असल्याने थरथर कमी जाणवते. पीटीओ एकाचा 605 आणि 750 फेऱ्यांचा, दुसऱ्याचा 540 आणि 980 चा. बाजारातली बहुतेक औजारं 540 वर बेतलेली. पहिल्यात ते मिळवायला इंजिन थोडं सैल ठेवलं तरी भागतं, म्हणजे डिझेल वाचायला वाव. दुसऱ्यात ते ठरल्या वेगावर सरळ मिळतं. यात चांगलं-वाईट नाही. काम कोणतं, एवढंच बघायचं.

डेमोच्या दिवशी आकाश भरलेलंच होतं. बागेच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी साचलं होतं, तिथल्या ओळी त्यांनी मुद्दाम निवडल्या. ब्लोअरची टाकी काठोकाठ भरली. आधी फक्त मागच्या चाकांवर. दोन्ही ट्रॅक्टर थोडे पुढे गेले आणि घसरू लागले, टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की रबर नुसतं गुळगुळीत होतं. मग पुढच्या चाकांचा दांडा टाकला. दोन्ही शांतपणे निघून गेले. एवढा फरक डोळ्यांनी बघितल्यावर दोन चाकांच्या स्वस्त मॉडेलचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

फिटरने इथे शेजाऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगितली, ती फारशी कोणी सांगत नाही. छोट्या ट्रॅक्टरच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशी गिअरची रचना असते, म्हणजे ती खरोखर ओढतात. चिखलात हा फरक घसरणीत जिरून जातो. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नसते, मग तोच ताण पुढच्या टायरवर आणि गिअरवर येतो. म्हणून रस्त्याला लागलं की दांडा बाहेर. आणि पुढचे टायर बदलताना त्याच मापाचे घ्यायचे. स्वस्त मिळाले म्हणून वेगळं माप बसवलं तर ती सगळी गणितं बिघडतात. किती तरी लोक फोर व्हील जोडलेल्या अवस्थेत गावापर्यंत येतात आणि वर्षभरात पुढचा टायर गेला म्हणून कंपनीला बोल लावतात.

चिखलातून निघण्यात दोन्ही सारखे ठरले, तेव्हा निवड दुसऱ्या गोष्टींवर आली. त्यांनी पत्नीला सीटवर बसवलं. फवारणीला त्याच बसणार होत्या, तासन् तास. पाय क्लचपर्यंत पुरेसा पोचतो का, मान वळवून मागचे नोझल दिसतात का, लिफ्टचा दांडा हाताच्या अंतरावर आहे का. त्यांनी दोन्ही ट्रॅक्टर ओळीतून फिरवले, बांधाशी वळवले. उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, ह्याच्यावर बसून हात बधिर होत नाही." तो तीन सिलिंडरचा.

दिवसभर थरथरणाऱ्या सीटवर बसणाऱ्याची कंबर आणि मनगटं जातात, हे वाळूजच्या शॉप फ्लोअरवर त्यांनी लोकांच्या अंगावर पाहिलं होतं. शिवाय निओस्टारचं वजन 630 किलो. ओल्या काळ्या जमिनीत, मुळांच्या वरच्या थरावरून वर्षानुवर्षं जाणाऱ्या यंत्राचं वजन ही त्यांच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाची बाब होती. दाबलेल्या मातीत हवा खेळत नाही, पाणी जिरत नाही, आणि मग त्याच फायटोप्थोराचं फावतं. हलकेपणाला दुसरी बाजू आहेच. मागे भरलेली टाकी लटकली की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हवेत फिरल्यासारखं वाटतं. त्यासाठी नाकावर लोखंडी वजनं लावायची, आणि ती सौद्यातच मागून घ्यायची. तशी त्यांनी घेतली.

महाडीबीटीवर अर्ज आधी केलेला होता. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टरसाठी सव्वा लाखापर्यंत, इतरांना एक लाखापर्यंत अनुदान मिळतं, पण पूर्वसंमती हातात पडण्याआधी खरेदी केली तर हक्क जातो. अर्ज पत्नीच्या नावावर होता, सातबाराही. एमएच 20 ची नंबर प्लेट लागली तीही त्यांच्याच नावाची.

त्यांचे दाजी फुलंब्रीकडे अद्रक घेतात. कन्नड, खुलताबाद, फुलंब्री हा आल्याचा पट्टा. तिथे काम वेगळं: नांगरट, रोटाव्हेटर, मग बेडमेकरने उंच गादीवाफे ओढायचे, शेणखताच्या ट्रॉल्या चढावरच्या रानात न्यायच्या, काढणीनंतर माल खाली आणायचा. पिकाला ओळीतून वाट द्यावी लागत नाही, फांदी आडवी येत नाही, मुळं तुटायची भीती नाही. तिथे ओढ हवी, आणि कमी वेगात हवी. दाजींनी तीच माहितीपत्रकं बघून जिवो घेतला. आणखी एक कारण त्यांनी मोकळेपणाने सांगितलं: ते स्वतः पाना हातात धरणारे नाहीत, आणि त्यांच्या गावचा मिस्त्री महिंद्रा डोळे मिटून उघडतो. 1983 पासून देशात सर्वाधिक ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपनीचं जाळं गावोगाव असणारच, आणि लागवडीच्या आठवड्यात ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तर होणारं नुकसान कुठल्याही तांत्रिक फरकापेक्षा मोठं असतं. इकडे फिटरच्या घरात ही अडचण अर्धी सुटलेलीच होती. फिल्टर, बेल्ट, ऑइल सील, क्लचची मोकळीक, हे ते स्वतः बघतात. वर्कशॉप मॅन्युअल त्यांनी ट्रॅक्टरबरोबरच मागून घेतलं आणि पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून पुढच्या ॲक्सलचं तेल कुठून सोडायचं ते बघून ठेवलं.

एकाच नात्यातल्या दोघांनी, एकाच जिल्ह्यात, एकाच शक्तीचे दोन वेगळे ट्रॅक्टर घेतले आणि दोघांचंही बरोबर आहे. गावात मात्र अजून चर्चा कोणता "भारी" याचीच चालते. बॉनेटवरचा आकडा, रंग, शेजाऱ्याने काय घेतलं. बागेची वाट मोजलेला माणूस विरळाच. यात शेतकऱ्याचा दोष कमी आहे. त्याला तुलना करून बघायला जागाच नाही. शोरूम एकाच कंपनीची, डेमो कोरड्या मैदानात, आणि बुदनीचे अहवाल इंग्रजीत.

छत्रपती संभाजीनगरात पैठण रोडवर परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, गांधेलीला दुसरं. हिमायत बागेत फळ संशोधन केंद्र आहे, आणि जालना जिल्ह्यात बदनापूरला खास मोसंबीचं संशोधन केंद्र. या चार केंद्रांपैकी कोणीही भादव्यात, पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी, एका मोसंबीच्या बागेत चार-पाच कंपन्यांचे छोटे ट्रॅक्टर भरलेल्या ब्लोअरसकट चालवून दाखवावेत, अशी या बागायतदारांची मागणी आहे. सोबत प्रत्येक ट्रॅक्टरची रुंदी, वजन, वळणाची त्रिज्या आणि पीटीओवरची मोजलेली शक्ती मराठीत एका पानावर छापून द्यावी. चालवायला बायकांनाही बोलवावं. मागणी अवास्तव नाही. त्यासाठी नवी योजना लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. कंपन्या आपले ट्रॅक्टर आनंदाने पाठवतील.

यंदा त्यांनी बागेच्या एका अंगाला नवी मोसंबी लावायला घेतली आहे. जुन्या 20 बाय 20 च्या चौकोनाऐवजी ओळींमधलं अंतर दोन फुटांनी वाढवलं आणि ओळीतल्या झाडांमधलं तेवढंच कमी केलं. झाडांची संख्या जवळपास तीच राहते, आणि ट्रॅक्टरला फळं लागलेल्या दिवसांतही मोकळी वाट मिळते. आखणी करताना पत्नीने ओळींची दिशा बदलायला लावली. पूर्वी त्या उताराला आडव्या होत्या, आता किंचित तिरप्या आहेत, म्हणजे सप्टेंबरातलं पाणी वाटेत थांबणार नाही आणि बांधाशी वळताना ट्रॅक्टर सपाटीवर असेल. खड्डे खणून झाले आहेत, कलमांची नोंदणी बदनापूरला केली आहे.